गाठ एक, नावे दोन

चरबीची गाठ म्हणजे लायपोमा आणि लायपोमा म्हणजे निरुपद्रवी, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की काढलेली गाठ तपासणीला पाठविण्याची गरजच पुष्कळांना वाटत नाही. बहुतेक वेळा हे समीकरण बरोबरही ठरते. परंतु चरबीच्या गाठींमध्ये एक मधली जात आहे. एक पॅथॉलॉजिस्ट या नात्याने तिच्याविषयी माझे मत येथे मांडतो.

ही गाठ वरकरणी पक्व चरबीसारखीच दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तिच्यातील तंतुमय पडद्यांत मोठ्या, गडद, वेड्यावाकड्या केंद्रकांच्या पेशी विखुरलेल्या आढळतात. त्या कधी इतक्या तुरळक असतात की एकाच तुकड्यावर विसंबल्यास हाती लागत नाहीत. बाराव्या गुणसूत्राच्या एका भागाच्या अनेक प्रती होणे हे या गाठीचे मूळ. एमडीएम-२ आणि सीडीके-४ ही जनुके त्याच भागात येतात. साध्या लायपोमात एमडीएम-२च्या अशा प्रती वाढलेल्या नसतात. म्हणून शंका असेल तेथे ‘फिश’ चाचणी उपयोगी पडते.

एकेकाळी अशा सर्वच गाठींना ‘वेल डिफरन्शिएटेड लायपोसार्कोमा’ म्हणत. १९७९ साली इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी अशा ३० गाठींचा फेरविचार करून वरवरच्या आणि स्नायूंतील गाठींना ‘अ‍ॅटिपिकल लायपोमा’ म्हणावे, असे सुचविले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणातही ‘अ‍ॅटिपिकल लायपोमॅटस ट्यूमर’ हे नाव मधल्या, केवळ स्थानिक उपद्रव करणाऱ्या गटात आहे, तर लायपोसार्कोमा घातक गटात.

पेशी त्याच, जनुके तीच, मग नावे दोन कशाला, असा आक्षेप घेतला जातो. तर्काच्या दृष्टीने तो बिनतोड आहे. पण रुग्णाच्या दृष्टीने मला तो मान्य नाही. मांडीतील गाठ पूर्णपणे काढता येते. ती क्वचित पुन्हा उद्भवली तरी जिवावर सहसा बेतत नाही. तीच गाठ पोटाच्या मागील खोल भागात, रेट्रोपेरिटोनियममध्ये असली, तर स्वच्छ कडा राखून काढणे जवळजवळ अशक्य होते. ती वारंवार उद्भवते आणि कालांतराने उग्र रूप धारण करून अन्यत्र पसरू शकते. असे रूपांतर हातापायांत दोन टक्क्यांहूनही कमी, तर तेथे वीस टक्क्यांहून अधिक आढळते. नाव हे केवळ पेशींचे वर्णन नव्हे, तर रुग्णाच्या भवितव्याविषयीचे विधान आहे.

आपल्या इंदूरच्या मराठी समाजात डॉक्टर आणि रुग्ण बहुधा एकमेकांच्या घरातले असतात. येथे ‘कर्करोग’ हा एक शब्द साऱ्या आप्तेष्टांपर्यंत पोहोचतो आणि ठरत आलेले लग्नही थांबवू शकतो. मांडीतील गाठीसाठी तो शब्द वापरणे अन्यायाचे आहे. मात्र ‘काही नाही, चरबीच आहे’ असे सांगून पुढील तपासण्या टाळणे हाही तितकाच अन्याय होय.

म्हणून शल्यचिकित्सक मित्रांना माझी विनंती आहे. गाठ खोलवर असेल, दहा सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा पुन्हा उद्भवली असेल, तर ती फेकू नये. संपूर्ण गाठ फॉर्मालिनमध्ये पाठवावी. अर्जावर नुसते ‘लायपोमा’ लिहून थांबू नये. नेमकी जागा, खोली, आकार आणि पूर्वीची शस्त्रक्रिया हा तपशील द्यावा. कारण जागा कळल्यावाचून आम्हाला योग्य नाव देता येत नाही. रुग्णांनीही अहवाल जपून ठेवावा आणि पॅराफिन ब्लॉक कोठे ठेवला आहे हे विचारून घ्यावे. गाठ काही वर्षांनी परत आलीच, तर जुन्या ब्लॉकशी तुलना करता येणे फार मोलाचे ठरते.