गाडीचे आचके आणि आपले चिरमुरे



गाडी रस्त्यात बंद पडली की आपण बायका पर्स सांभाळत कडेला उभ्या राहतो आणि "आम्हाला त्यातलं काही कळत नाही" म्हणून मोकळ्या होतो. मी चाळीस वर्षं हेच केलं. या पावसाळ्यात त्यापायी साडेसात हजार रुपये घालवले, म्हणून आज हे लिहिते आहे.

आमची ओम्नी 2008 ची. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पुन्हा नोंदणी करून तिला आणखी पाच वर्षं मिळवून घेतली. कारण साधं आहे. आम्ही सहा जणी दर रविवारी बाहुबलीला जातो, त्यातल्या दोघींचे गुडघे बदललेले. एसटीची पायरी त्यांना चढवत नाही. व्हॅनचा सरकता दरवाजा आणि बुटकी पायरी आहे म्हणून त्यांचं दर्शन होतं. गाडी गेली की त्या दोघी घरात बसल्या.

आषाढात गाडी आचके द्यायला लागली. सकाळी सुरू केली की मिक्सरसारखी थरथरायची, पिकअप नाही, मध्येच फटफट आवाज. एकदा हायवेवर मागून ट्रक येत असताना गाडीने असा गचका खाल्ला की सगळ्याजणी मोठ्याने णमोकार म्हणायला लागल्या.

मग सल्ले सुरू झाले. शेजारचे म्हणाले, हे सगळं इथेनॉलच्या पेट्रोलमुळे. एका गॅरेजवाल्याने न बघताच पेट्रोलचा पंप बदलला, इंजेक्टर साफ केले आणि साडेसात हजार घेतले. दोन दिवस उघाड होती, गाडी छान चालली. तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि पुन्हा तेच. आता तो म्हणे इंजिन खोलावं लागेल, पंचवीस-तीस हजार धरा. आमचे हे वैतागून म्हणाले, "भंगारात काढू."

मला ते पटेना. माझं बी.कॉम. खूप जुनं असलं तरी एक गोष्ट डोक्यात पक्की आहे. ताळेबंद जुळला नाही तर आपण नवी वही विकत आणत नाही, चूक कुठल्या नोंदीत आहे ते शोधतो. मी दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशोबाशेजारी गाडीचा हिशोब लिहायला लागले. किती वाजता सुरू केली, पाऊस होता का, गाडीत किती माणसं, आचके उभं असताना की चढावर. आठ दिवसांत चित्र दिसलं. ओल्या सकाळी हमखास त्रास, वीस मिनिटांनी इंजिन तापलं की कमी. कोरड्या दुपारी सहा जणींना घेऊन चढ चढतानासुद्धा काही नाही.

तो कागद घेऊन आम्ही दुसऱ्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "काकी, हे पेट्रोलचं काम नाही, करंटचं आहे." पेट्रोल कमी पडत असतं तर चढावर, ओझं असताना गाडी दमली असती. नुसती उभी असतानाच थरथरली असती तर त्यांनी आधी कुठे हवा शिरते का ते पाहिलं असतं. ओलाव्याने बिघडते म्हणजे ठिणगी वाटेतच कुठे तरी गळते आहे.

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली. त्यांनी सीट उचलून तिन्ही प्लग काढले. दोन तपकिरी, कोरडे, म्हणजे चांगले. तिसरा पेट्रोलने ओला. त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जात होतं, पण पेटत नव्हतं. तीनपैकी एक काम करेना, मग गाडी थरथरणारच. प्लग पुन्हा बसवून, शेडचं दार ओढून त्यांनी इंजिन चालू केलं आणि वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. अंधारात एका वायरीतून निळ्या ठिणग्या लोखंडावर उडताना मी स्वतः पाहिल्या. (हा प्रयोग घरी करू नका, त्या वायरींत हजारो व्होल्ट असतात. आणि नव्या गाडीत इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर गाडी रेटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन तिथला महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं.)

वायरीचं रबर कुरतडलेलं होतं. शेजारी कापसाचं घरटं आणि त्यात आपले चिरमुरे.

मेस्त्री सहज म्हणाले, "औषधाची वडी ठेवा, चार दिवसांत निकाल." यांनीही मान हलवली. मी नाही म्हटलं, आणि इथे मी हट्टी आहे. ते विष उंदराला आतल्या आत रक्तस्राव करून, दिवस दिवस तडफडवून मारतं. पुढे तो उंदीर खाणारं मांजर किंवा घुबडही त्यात सापडतं. आणि तो उंदीर आला कशाने? परतताना सूर्यास्ताच्या आत खाऊन घ्यायचं म्हणून आम्ही चालत्या गाडीतच डबे उघडतो. चिरमुरे, शेंगदाण्याचे लाडू, चकल्या. बारीक जीव मरू नयेत म्हणून रात्रीचं जेवण सोडायचं, त्याच खाण्याचा चुरा सांडून जिवाला बोलवायचं आणि आला की विष घालायचं? चूक उंदराची नव्हती, आमच्या प्रमादाची होती. यत्नाचार फक्त पाणी गाळण्यापुरता नसतो, असं मी जाऊबाईंना म्हटलं तर त्या दोन दिवस बोलल्या नाहीत.

पिंजरा लावून शेतात सोडणं हेही फार निर्मळ नाही, मला मान्य आहे. त्याचं बिळ, त्याची पिल्लं, आपल्याला काय माहीत. म्हणून आधी त्याचं अन्न बंद केलं. सीटखालची जागा झाडून घेतली, मॅट धुतल्या, घरटं काढताना पिल्लं नाहीत ना हे बघितलं.

वायरींचा संच, तीन प्लग आणि मजुरी मिळून सोळाशे पन्नास. आता गाडीत कुणी खात नाही. साडेपाचला रस्त्याकडेच्या झाडाखाली थांबतो, चादर अंथरतो, खाऊन चादर झटकतो आणि निघतो. पंधरा मिनिटं जातात, गुडघेवाल्यांना उतरवावं लागतं, कुरकुर होते.

गेल्या रविवारी भर पावसात गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. पिंजरा अजून रिकामाच आहे.