‘फिट आली का?’ एवढंच पुरेसं नाही

कात्रपच्या भाजीवाल्यापुढे उभी होते आणि ‘पडवळ’ हा शब्दच आठवेना. भाजी समोर, चव जिभेवर, नाव गायब. शेवटी बोटाने दाखवलं. वीस वर्षं मराठीच्या शिकवण्या घेणारी बाई मी! घरचे म्हणाले, वय झालं. मीही मान डोलावली.

वय नव्हतं, गोळी होती. माझ्या फिट्स थांबवणारं टोपिरामेट. बोलताना शब्द न सापडणं हा त्याचा ओळखीचा दुष्परिणाम. आपण निवांत असताना मनात विचार घोळवणारं मेंदूतलं एक जाळं असतं. शब्द शोधताना ते एरवी शांत होतं. या औषधावर पुरतं शांत होत नाही, असं एमआरआयच्या अभ्यासांत दिसलं आहे. थोडक्यात, मागचा बाक गप्पच बसत नाही. सगळ्या गोळ्या अशा नसतात. लेव्हेटिरासिटामने काहींची चिडचिड वाढते. 1912पासून वापरात असलेलं स्वस्त फेनोबार्बिटोन गुंगी आणतं. आणि फिट येत राहणंही मेंदूला महागच पडतं.

माझी तक्रार औषधावर नाही. दर भेटीत ‘फिट आली का?’ एवढंच विचारलं गेलं. ‘शब्द सापडतात का?’ कधीच नाही. मीही बोलले नाही, आकडीचा विषय आपल्याकडे अजून दार लोटूनच निघतो ना! शेवटी सांगितल्यावर डॉक्टरांनी डोस हळूहळू बदलला.

स्वतःच्या मनाने गोळी मात्र बंद करू नका. अचानक सोडली तर न थांबणारी आकडी जिवावर बेतू शकते. हरवलेले शब्द वहीत टिपा आणि पुढच्या भेटीला ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.