दाखला कुणाच्या पेटीत, किल्ली कुणाच्या हातात?

जून महिना तोंडावर आला की माढ्याच्या तहसील कचेरीभोवती पालकांची वर्दळ वाढते. कुणी मोडनिंबहून आलेला, कुणी टेंभुर्णीहून, कुणी रोजगार बुडवून. प्रत्येकाच्या हातात एक पिशवी. तिच्यात बापाचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांच्या शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधारकार्ड. मजुराच्या घरात सोनेनाणे फारसे नसते. ही पिशवी हीच त्याची तिजोरी. तिच्यातला एक कागद हरवला तर पोरीचा प्रवेश हुकतो, पोराची शिष्यवृत्ती अडते.

आमचे तरुण वाचक अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारतात. बिटकॉइनसारख्या क्रिप्टो नाण्यांच्या जगात म्हणे कागदपत्रे ठेवण्याची एक नवी सोय निघाली आहे. तिथे तुमचा कागद कोणत्याही एका कंपनीच्या वा सरकारच्या ताब्यात राहत नाही, कुणी तो चोरून वाचू शकत नाही, कुणी गहाळ करू शकत नाही. हे खरे का? आणि खरे असेल तर आपल्यासारख्यांच्या उपयोगाचे का? प्रश्न चांगला आहे. तेव्हा या वेळी त्याचाच विचार करू.

एकाच हातातले दप्तर

कागद एकाच्याच ताब्यात असण्याचे दुःख आपल्या समाजाला नवे नाही. जुन्या गावगाड्यात शिवेचा तंटा पडला की आपल्या पूर्वजांची साक्ष काढली जाई. गावाची हद्द त्यांना पावलापावलाने ठाऊक होती. पण गावचे दप्तर राही कुलकर्ण्याच्या घरी. ज्याला लिहिता येत नव्हते त्याच्या नावावर काय लिहिले आहे, हे त्याने दुसऱ्याच्याच तोंडून ऐकायचे. वतनाच्या या गुलामगिरीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले. ही वतने कायद्याने रद्द व्हायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

एकाच जागी ठेवलेल्या कागदांचे काय होते, याचे उदाहरणही आपल्याच घरातले आहे. बाबासाहेबांची अप्रकाशित हस्तलिखिते त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर अनेक वर्षे दिल्लीत पेट्यांत पडून होती. १९६७ च्या जानेवारीत त्यांच्या निवासस्थानातले कागद अंगणात टाकले गेले आणि पावसात भिजले. जे वाचले ते पुढे महाराष्ट्र शासनाकडे आले आणि वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून खंडरूपाने छापले जाऊ लागले. आज त्या खंडांच्या हजारो प्रती घरोघरी आहेत. आता कोणताही एक पाऊस त्या सगळ्या भिजवू शकत नाही.

एकाच पेटीवर विसंबू नये, हा विचार म्हणूनच आपल्याला परका नाही. नव्या तंत्राने तोच विचार संगणकावर आणला आहे.

तुकडे आणि कुलूप

ही पद्धत चालते कशी? समजा, तुम्ही मोबाईलमधून एक दाखला साठवायला दिला. चांगल्या व्यवस्थेत तुमच्याच मोबाईलवर आधी त्याला गणिती कुलूप लागते. मग त्याचे तुकडे होऊन ते जगभरच्या वेगवेगळ्या लोकांच्या संगणकांवर पाठवले जातात. स्टोर्ज नावाच्या अशा एका सेवेच्या आराखड्यात एका भागाचे ८० तुकडे केले जात आणि त्यांपैकी कोणतेही २९ मिळाले तरी मूळ कागद जसाच्या तसा उभा राही. म्हणजे ५१ संगणक बंद पडले तरी फिकीर नाही. ज्याच्याकडे तुकडा आहे त्याला तो वाचता येत नाही, कारण किल्ली तुमच्याकडे.

यात नाणे कुठून आले? परक्या माणसाने तुमचा तुकडा का सांभाळावा? त्याला भाडे मिळते म्हणून. हे भाडे क्रिप्टो नाण्यात दिले जाते. २०२० साली सुरू झालेल्या फाइलकॉइनमध्ये तर सांभाळणाऱ्याला अनामत ठेवावी लागते आणि तुकडा आपल्यापाशी शाबूत आहे याचा पुरावा ठरलेल्या वेळी द्यावा लागतो. पुरावा चुकला की अनामतीतून दंड कापला जातो. कल्पना हुशारीची आहे, यात शंका नाही.

पण दोन गोष्टी नीट ध्यानात घ्या. पहिली, अशा सगळ्याच सेवा आपणहून कुलूप लावत नाहीत. काही ठिकाणी कागद उघडाच जातो आणि ज्याच्या हाती त्याचा पत्ता लागेल तो वाचू शकतो. कुलूप न लावता टाकलेला दाखला म्हणजे चावडीवर चिकटवलेला दाखला. दुसरी, किल्ली हरवली तर अर्ज करायला इथे तहसीलदार नाही. ब्रिटनमधील वेल्समध्ये एका गृहस्थाची सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली संगणकाच्या एका जुन्या डबीत होती. २०१३ साली ती डबी कचऱ्यात गेली. कचऱ्याचा डेपो उकरू द्या म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली. २०२५ च्या जानेवारीत न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. संपत्ती जागेवरच आहे, पण ती उघडणारे जगात कुणी नाही.

एटापल्लीचे दाखले

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याच राज्यात गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली भागात २०२२ साली ६५,००० जातीचे दाखले अशा साखळीशी जोडण्याचा उपक्रम जाहीर झाला. साखळीचे नाव पॉलिगॉन, तंत्र पुरवणारी संस्था लेजिटडॉक. माडिया-गोंड आदिवासींच्या या मुलखात खोटे दाखले काढून खऱ्यांच्या जागा बळकावण्याचा प्रकार थांबावा, असा त्यामागचा हेतू. त्याआधी २०२१ साली राज्याच्या कौशल्य विकास मंडळाने पदविका प्रमाणपत्रांसाठी याच संस्थेची मदत घेतली होती.

अशा पद्धतीत साधारणपणे दाखला स्वतः साखळीवर जात नाही. गणिताने त्याचा एक ठसा काढतात आणि तो ठसा साखळीवर कायमचा नोंदवतात. दाखल्यातला एक काना जरी बदलला तरी ठसा वेगळा येतो. त्यामुळे पुढे कुणी बनावट कागद आणला तर ठसा जुळत नाही आणि लबाडी उघडी पडते. साखळीच्या प्रती असंख्य संगणकांवर असल्याने कुठल्या एका कचेरीतला कुणी बाबू रात्रीतून ती बदलू शकत नाही.

आपल्याला याचे मोल अधिक कळावे. जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधताना किती घरांची दमछाक झाली! धर्मांतरानंतर बापाच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ लागले. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, तरी मूळ जातीची नोंद शोधायला आजोबांच्या शाळेचे जनरल रजिस्टर उघडावेच लागते. ते रजिस्टर कुठे वाळवीने खाल्लेले, कुठे पान फाटलेले. त्या रजिस्टराच्या चार प्रती चार ठिकाणी असत्या तर एवढे हाल झाले नसते.

तरीही एक मर्यादा ओळखून राहावे. साखळी फक्त नोंद जपते. नोंद खरी की खोटी, हे तिला कळत नाही. टेबलावरच्या माणसाने आडनाव चुकवले तर ती चूकच पक्की होऊन बसते. पात्र माणसाला दाखलाच नाकारला गेला तर जगातली कोणतीही साखळी त्याला तो देऊ शकत नाही. तिथे अर्ज, अपील आणि संघटना हेच आपले साधन.

आमची जात कुणी पाहावी?

आता खाजगीपणाचे. काही जण म्हणतात, गरिबाला कसले आले गुपित? आम्हाला हे मान्य नाही. शहरात खोली शोधताना आडनाव ऐकून ‘खोली गेली’ असे उत्तर ज्याने ऐकले आहे, त्याला ठाऊक आहे की आपला दाखला कुणी पाहावा आणि कुणी पाहू नये हा पोटापाण्याचा प्रश्न आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले; ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून मागण्याचा हक्क त्या कायद्यात आहे.

इथेच नव्या तंत्राशी गाठ पडते. साखळीवर एकदा उघड लिहिलेले पुसता येत नाही. कुण्या उत्साही कारभाऱ्याने ठशाऐवजी नाव-जातच तिथे लिहून टाकली, तर ती नातवंडांपर्यंत तशीच राहील. अशी योजना आपल्या तालुक्यात आली तर पहिला प्रश्न हाच विचारा: साखळीवर नेमके काय जाणार, ठसा की नाव?

आज आपले खाजगीपण जाते ते मात्र फार साध्या वाटेने. झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲपवर पाठवलेले आधार आणि जातीचा दाखला त्या संगणकात महिनोन्महिने पडून असतात. फॉर्म भरून देणारा स्वतःचाच मोबाईल नंबर टाकतो आणि पासवर्डही त्याच्याच वहीत राहतो. नवे तंत्र येईल तेव्हा येवो, ही गळती आजच बंद करता येते.

नाणे विकणाऱ्यापासून सावध

ही माहिती वाचून कुणी म्हणेल, मग ते नाणेच घेऊन ठेवू. थांबा. साठवणुकीचे तंत्र वेगळे आणि भाव वाढेल म्हणून नाणे घेणे वेगळे. पुण्यात गाजलेल्या गेनबिटकॉइन प्रकरणात महिन्याला १० टक्के परताव्याचे आमिष दाखवून लोकांकडून बिटकॉइन गोळा केले गेले. मुख्य आरोपीला २०१८ साली अटक झाली, पण घरे बुडायची ती बुडाली. २०२४ च्या जुलैत वझीरएक्स या नावाजलेल्या बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. ग्राहकांची नाणी त्या बाजाराच्या सांभाळाखाली होती. म्हणजे विकेंद्रित म्हणवणारी वस्तूही लोकांनी पुन्हा एकाच पेटीत ठेवली होती. शिवाय २०२२ पासून अशा नफ्यावर ३० टक्के कर आहे. गटाच्या बैठकीत, लग्नाच्या मांडवात कुणी ‘कागद सुरक्षित ठेवायचे तर हे नाणे घ्या’ म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

घरी काय करावे

माता-भगिनींनो, घरातली कागदांची पेटी बहुधा तुमच्याच ताब्यात असते. म्हणून हे तुम्हाला सांगतो.

आजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा अजून काढला नसेल तर प्रवेशाची घाई होण्याआधी काढा. प्रत्येक महत्त्वाच्या कागदाच्या दोन साक्षांकित प्रती करा; एक गावी ठेवा, दुसरी पुण्या-मुंबईच्या भावाकडे. मूळ वैधता प्रमाणपत्र कुणाच्याही हाती सोडू नका. दाखला हातात पडताच तिथेच उभे राहून नाव, आडनाव, जन्मतारीख अक्षर-अक्षर तपासा.

सरकारचे डिजिलॉकर २०१५ पासून आहे, फुकट आहे, आणि त्यात आलेला कागद कायद्याने मुळासारखा धरला जातो. ते स्वतःच्या मोबाईल नंबरावर उघडा, पिन कुणाला सांगू नका. आधारची प्रत देताना शक्य तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत द्या. झेरॉक्सवर ‘फक्त शाळा प्रवेशासाठी’ असे लिहून तारीख घाला. दुकानातल्या संगणकातून आपली फाइल समोर उभे राहून पुसायला लावा.

घरातल्या शिकलेल्या मुलाला नवे तंत्र करून पाहायचे असेल तर अवश्य पाहू द्या. मात्र प्रतच ठेवावी, आधी कुलूप लावावे, आणि किल्लीचे शब्द कागदावर लिहून आईजवळ व आणखी एका विश्वासाच्या माणसाजवळ द्यावेत.

आणि एक सूचना. ज्या गावात विहार आहे तिथे रविवारच्या वंदनेनंतर संगणक जाणणाऱ्या मुला-मुलींनी तासभर बसावे. म्हाताऱ्या माणसांचे दाखले तपासून द्यावेत, डिजिलॉकर त्यांच्याच मोबाईलवर उघडून द्यावे आणि पिन टाकायची वेळ आली की तोंड दुसरीकडे फिरवावे. जूनच्या रांगेत उभे राहण्याआधी चार रविवार मिळाले तरी पुष्कळ घरांचे काम होईल.