सेट बदलला, बिघाड तसाच

मिरकरवाडा बंदरातल्या एका मच्छीमार बोटीत आमची चार आण्यांची भागी आहे. धंदा आमचा कापडाचा. समुद्रातले आम्हाला फारसे कळत नाही, हिशेबाची वही मात्र कळते. त्या वहीत गेल्या हंगामात एकच खर्च दोनदा लिहिलेला दिसला: नवीन वायरलेस सेट. पहिला पंधरा हजारांच्या वर, दुसराही तेवढ्याचाच. मूळचा सेट त्याआधीच भंगारात गेलेला. एका वर्षात एका बोटीवर तीन सेट निकामी होतात हे आमच्या अकलेत बसेना. म्हणून पावसाळी बंदीत बोट किनाऱ्याला असताना आम्ही स्वतः जाऊन उभे राहिलो.

तांडेलची तक्रार साधी होती. "शेठ, आपल्याला सगळ्यांचे ऐकू येते, आपले कोणाला ऐकू जात नाही." प्रत्येक वेळी दुकानातून मुलगा आला, मीटर लावून वीज बरोबर येते असे त्याने पाहिले, आणि सेटच गेला असा निकाल दिला. नवा बसवल्यावर धक्क्यावरून शेजारच्या बोटीशी बोलणे व्हायचे, सगळे खूश. समुद्रात पाच-सात मैलांवर गेले की पुन्हा तेच.

या वेळी आम्ही ज्यांना बोलावले ते पंधरा वर्षे दुबईत श्रीमंतांच्या यॉटवर वायरिंग आणि रेडिओचे काम करून परतलेले. त्यांनी मीटरचे दोन टोक सेटच्या मागच्या तारांना लावले. काटा 12.4 व्होल्टवर. मग सेट पूर्ण ताकदीवर, म्हणजे 25 वॅटवर ठेवून तांडेलला माइकचे बटण दाबायला सांगितले. काटा धाडकन 9.6 वर आला आणि सेटचा दिवा विझला. बॅटरीवर मात्र त्याच वेळी साडेबारा होते. "सेटला काही झालेले नाही, वाटेत चोरी होते आहे," एवढेच ते बोलले आणि तार हाताने चाचपत इंजिनाच्या खणात उतरले. तिथे फ्यूजची डबी उघडली तर आत तांब्याचा हिरवा भुगा.

त्यांनी जे समजावले ते प्रत्येक नौकामालकाने ऐकण्यासारखे आहे. हा सेट नुसता ऐकत असतो तेव्हा अर्धा अँपियरही घेत नाही. 25 वॅटवर बोलू लागला की पाच-सहा अँपियर ओढतो. खाऱ्या हवेने गंजलेल्या जोडात अर्धा ओहम अडथळा असला तर ऐकताना पाव व्होल्ट कमी होतो, तो कोणाच्या लक्षात येत नाही. बोलताना मात्र तोच जोड तीन व्होल्ट खातो, आणि ते अठरा वॅट त्या डबीत उष्णता होऊन बसतात. शेजारी डिझेलची टाकी! धक्क्यावर एका वॅटवर बोलायला एवढी वीज लागत नाही, म्हणून तिथे सारे ठीक वाटायचे. बटण न दाबता मीटर पाहणे म्हणजे गाडी उभी ठेवून ब्रेक तपासण्यासारखे आहे.

कलई केलेल्या तांब्याची जाड तार थेट बॅटरीपासून, स्वतंत्र फ्यूज लावून, सेटपर्यंत ओढली. काम तासाभराचे. त्यांनी हजार रुपये मागितले. आमच्या भागीदाराने घासाघीस करून सातशेवर आणले. म्हणे, "तार दोनशेची, बाकीचे कसले?"

हा लेख त्या "बाकीचे कसले" यासाठीच लिहितो आहोत. आमचे भिवंडीतले व्यवहार जुने आहेत. मागावर कापडात पट्टा पडू लागला तर कोणताही कारखानदार माग विकत नाही, जॉबरला बोलावतो. जॉबर दहा मिनिटे कान देऊन उभा राहतो, एक नट पिळतो आणि आपले पैसे घेऊन जातो. ते पैसे नटाचे नाहीत, तजुर्ब्याचे आहेत हे कारखानदाराला कळते. बंदरावर तेच कळत नाही. डब्यात बंद माल आला की पंधरा हजार देताना हात थरथरत नाही. अक्कल विकत घ्यायची तर सातशेही जड होतात. जुम्म्याच्या खुतब्यात मजुरीबद्दल ऐकलेले जेटीवर येईपर्यंत विरून जाते. दुकानदारालाही काय बोल लावावा? सेट विकला तर त्याला चार पैसे सुटतात, बिघाड शोधून दिला तर सुटत नाहीत. तो सेटच विकणार.

बिघाड दर वेळी डबीतच असतो असेही नाही. डोलकाठीवरच्या अँटेनाच्या जोडात पाणी शिरते आणि तारेची जाळी आतून सडते. कधी गुन्हेगार तिसराच निघतो. स्वस्त एलईडी दिवे व्हीएचएफमध्ये खरखर सोडतात. 2018 मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाने याबद्दल जाहीर इशारा दिला. तपासणी फुकटची आहे: शांत चॅनेलवर खरखर जेमतेम बंद होईल इतका स्क्वेल्च ठेवावा आणि मग दिवे लावून पाहावेत. आवाज सुरू झाला तर दिवा बदलावा.

2017 च्या ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या बोटी देवगडला आसऱ्याला आल्या होत्या. खोल समुद्रातल्या कित्येकांना वादळाची खबरच पोहोचली नव्हती. व्हीएचएफचा पल्ला थोडा, त्यामुळे खबर एका बोटीवरून दुसरीवर जाते. मधली एक बोट मुकी असली की साखळी तिथे तुटते. आणि तीच बोट संकटात सापडली तर चॅनेल 16 वर ती कोणाला हाक मारणार?

आपल्या वस्तीतली मुले आयटीआयमधून वायरमन होऊन पासपोर्टच्या रांगेत उभी राहतात. तिकडे बिघाड शोधण्याच्या तासांचे पैसे मिळतात, इकडे नुसत्या तारेचे. नौकामालकांच्या संस्थांनी हंगामाआधी प्रत्येक बोटीच्या वायरिंगची तपासणी लावावी, आणि बिघाड सापडो वा न सापडो, तपासणाऱ्याला ठरलेली फी द्यावी. बंदराला दोन मुलांची रोजी यातून आरामात निघेल.

राहिलेले तीनशे रुपये आम्ही दुसऱ्या दिवशी त्या कारागिराच्या घरी पोहोचते केले. भागीदाराला अजून सांगितलेले नाही. हे साप्ताहिक त्यांच्या घरी येते, आता वाचतील.