भार एकीच्याच शिरीं

वैद्यकशास्त्र साधनें निर्माण करतें. परंतु तीं कोणीं व केव्हां वापरावीं, हें घरची रीत ठरविते. संततिनियमनाच्या बाबतींत हें विशेष स्पष्ट दिसतें.

कै. र. धों. कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत या कार्यास आरंभ केला, तेव्हां समाजानें त्यांची अवहेलनाच केली. पुढें १९५२ सालीं सरकारनें हें कार्य अंगावर घेतलें, आणि आज तें खेड्यापाड्यांत पोहोंचलें आहे. पण कोणत्या रूपानें? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें ४९ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. जिच्या पतीनें ती करून घेतली, अशी शंभरांत एकहि भरत नाहीं.

वस्तुतः पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी. तींत पोटास हात लावावा लागत नाहीं. वीर्यवाहक नळ्या तेवढ्या बंद करतात, व पौरुष आणि बळ कायम राहतें. तरीहि नांगर धरणाऱ्याची शक्ति जाईल, ही समजूत गांवोगांव रुजलेली आहे. तिच्यांत १९७६ सालच्या सक्तीची भर पडली. आणीबाणींत पुरुषांस धरून नेल्याची धास्ती लोकांच्या मनांत राहिली, आणि त्यानंतर सरकारी कार्यक्रमाचा सारा रोंख स्त्रियांकडे वळला.

दुसरें कारण आपल्या आशीर्वादांतच आहे. ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ असें वधूस म्हणावयाचें, आणि तिची इच्छा मात्र कोणीं विचारावयाची नाहीं! वर्षाच्या आंत पाळणा हलला नाहीं, तर शेजारणी कुजबुजतात. म्हणून दोन बाळंतपणांत अंतर राखण्याचीं साधनें पडून राहतात. मुलगा होईपर्यंत थांबावयाचें नाहीं, आणि तो झाला कीं सुनेस दवाखान्यांत पाठवावयाचें, हा क्रम होऊन बसतो. आशाताई दारीं येते, पण तिला उत्तर देते सासू.

हें वाचून खेडुतांस हंसूं नये. वरील आंकडा सबंध प्रांताचा आहे; त्यांत आपलीं सुशिक्षित घरेंहि आलींच. विवाहांत वर ‘नातिचरामि’ असें वचन देतो. त्या वचनांत हा भार वांटून घेणें येत नाहीं काय? घरांत सून आली म्हणजे वडीलधाऱ्यांनीं मुलासच जवळ बसवून ही गोष्ट समजावून सांगावी, आणि सुनेचें मत आधीं ऐकावें.