हरामखोर म्हणजे ‘नॉटी’?

सप्टेंबर 2020 मध्ये संजय राऊत कंगना राणावतला उद्देशून ‘हरामखोर’ म्हणाले. गदारोळ झाल्यावर त्यांनी खुलासा केला की आमच्या महाराष्ट्रात हा शब्द बेइमान या अर्थाने वापरतात, आणि कंगना जरा ‘नॉटी’ आहे, एवढंच आपल्याला म्हणायचं होतं. तिच्या बंगल्यावर झालेल्या पाडकामाचा खटला उच्च न्यायालयात होता, तिथे ही ध्वनिफीत ऐकवली गेली. याचा अर्थ नॉटी असेल तर मग नॉटीचा अर्थ काय, असं न्यायमूर्ती काथावाला यांनी विचारलं. लोक हसले. मीही हसलो. पण शब्द डोक्यातून गेला नाही, कारण तो आमच्या घरातला शब्द आहे.

राऊतांचं अर्धं म्हणणं खरं आहे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत हरामखोर म्हणजे धन्याशी बेइमानी करणारा. निमकहराम त्याचाच भाऊ. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर उलटला, म्हणून खाल्लेलं हराम झालं. उरलेलं अर्धं मात्र मला पटत नाही. ‘नॉटी’साठी मराठीत खट्याळ आहे, खोडकर आहे, व्रात्य आहे, मस्तीखोर आहे. आई मांडीवरच्या बाळाला ‘लबाडा’ म्हणते. ‘हरामखोरा’ म्हणून पापा घेणारी आई मी तरी पाहिलेली नाही. मित्र एकमेकांना म्हणतात, ते वेगळं. तिथे शिवीतली शिवी आधीच काढून टाकलेली असते. भर कॅमेऱ्यासमोर परक्या बाईला म्हणताना ती काढलेली नसते.

‘खोर’ हा फारसी प्रत्यय आहे, खाणारा या अर्थाचा. भांडखोर, चुगलीखोर, मस्तीखोर यांत खाणं उरलेलंच नाही. लाचखोरात ते शाबूत आहे, कारण मराठीतही पैसे ‘खातात’च. हरामखोरही मुळात पोटाचा शब्द. जे आपल्या हक्काचं नाही, घामाचं नाही, ते खाणारा. कुरआनात सूरा बकराच्या 188 व्या आयतीत एकमेकांचा माल नाहक खाऊ नका असं बजावलं आहे, आणि लोकांचा माल गिळण्यासाठी हाकिमांपर्यंत जाऊ नका असंही. तिथेही क्रियापद खाण्याचंच आहे. म्हणजे या शब्दाचा संबंध माणसाच्या जन्माशी नाही, स्वभावाशी नाही, बाईच्या चारित्र्याशी तर नाहीच नाही. तो फक्त विचारतो, ताटात आलं कुठून?

याचा उलटा शब्दही होता, हलालखोर. अबुल फजल लिहितो की झाडूवाल्यांना हे नाव अकबराने दिलं. मुंबईच्या 1888 च्या महापालिका कायद्यात मैला उचलण्याच्या कामासाठी ‘हलालखोर कर’च होता. ज्यांना शहर शिवून घेत नव्हतं, त्यांच्या नावात ‘घामाचं खाणारा’ असं लिहिलेलं होतं. नाव मानाचं, वागणूक कसली, ते सर्वांना ठाऊक आहे.

मी माहुलला राहतो. रिफायनऱ्यांच्या कुशीत बांधलेल्या बहात्तर इमारती, सव्वादोनशे चौरस फुटांची घरं. तानसा पाइपलाइनवरच्या झोपड्या तोडून माणसं इथे आणली गेली. इथल्या हवेबद्दल हरित लवादाने 2015 मध्येच धोक्याचा निकाल दिलेला होता, तरी आणली. पुढे सप्टेंबर 2019 मध्ये उच्च न्यायालयाने, इथे राहण्याची सक्ती करू नका, दुसरीकडे घर देता येत नसेल तर महिना 15,000 रुपये भाडं आणि 45,000 अनामत द्या, असा आदेश दिला. आदेश आणि पैसे यांच्यामध्ये जे असतं, त्याला ‘चकरा’ म्हणतात.

अशाच एका चकरेत आमच्या मजल्यावरच्या खालाबरोबर मी एका कार्यालयात गेलो होतो. कार्यालयाचं नाव नको. खिडकीमागचा माणूस फाइल न उघडताच शेजाऱ्याला म्हणाला, “फुकटात घर मिळालं, आता भाडंही पाहिजे. हरामखोर आहेत सगळे.” हळू आवाजात म्हणाला, पण खालाच्या कानांना काही झालेलं नव्हतं, दुखणं छातीचं होतं. मला वाटलं ती चिडेल. ती पुढे झाली आणि अगदी अदबीने म्हणाली, “साहेब, चाळीस वर्षं लोकांची भांडी घासून खाल्लंय. माझ्या पोटात हरामाचा एक दाणा नाही.”

त्याने शिवी दिली होती, हिने आरोप ऐकला. तो शब्द त्याच्या तोंडात नुसता थुंकीसारखा आला होता, आणि तिने त्याचा पूर्ण हिशेब दिला. “आजी, बोलायची पद्धत असते,” असं काहीतरी तो पुटपुटला. त्याचा खुलासाही राऊतांच्या खुलाशासारखाच होता.

मला राग शिवीचा नाही. शिव्या मीही देतो, मुंबईत राहून न देणारा भेटला तर कळवा. राग याचा आहे की हा शब्द घरकाम करणाऱ्या म्हातारीवर पडतो, न पटणाऱ्या बाईवर पडतो, आणि विषारी हवेत माणसं कोंबून जे कुणी त्यातून खाल्लं असेल, त्यासाठी आपल्याकडे ‘अनियमितता’ असा सोवळ्यातला शब्द तयार असतो.

परवा आमच्या गॅलरीत पुतण्या मित्रावर ओरडत होता, “हरामखोर!” हे सगळं लिहायचं मनात घोळत होतं, म्हणून मी लगेच शिकवायला गेलो. म्हटलं, बेटा, खट्याळ म्हण, लबाड म्हण, हा शब्द नको. तो म्हणाला, “चाचू, पैसे मी दिले आणि माझा वडापाव यानं खाल्ला.”

मी आत जाऊन बसलो.