कळलं असं मानण्यात येईल

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात दर वर्षी मार्चअखेरीस कार्यकारिणीची सभा होते आणि तीत कुठली वर्तमानपत्रं बंद करायची यावर कडाक्याचं भांडण होतं. पुस्तकांवरून होत नाही. ती कोणी वाचत नाही, याबद्दल आमचं एकमत आहे. यंदाच्या सभेला पुण्याहून निवृत्त होऊन गावच्या घरी राहायला आलेले एक सुविद्य गृहस्थ होते. त्यांनी तीन स्थानिक पेपरांचा गठ्ठा पुढे ओढला, मागची पानं फडफडवली आणि विचारलं, "यात वाचण्यासारखं आहे काय? सगळ्या जाहीर नोटिसा!"

मग त्यांनी आपला सिद्धांत मांडला. नोटिसा कोणी वाचत नाही. त्यांची भाषा माणसाची नाही. हे छोटे पेपर नोटिशींच्या पैशावरच जगतात, म्हणजे हा जनतेला माहिती देण्याच्या नावाखाली चाललेला धंदा आहे. आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, सरकारचं संकेतस्थळ आहे. सगळ्या नोटिसा तिथे टाकाव्यात, ज्याला गरज असेल तो बघेल. कागद वाचेल, झाडं वाचतील. पंधरा मिनिटांत त्यांनी तीन पेपर, एक दवंडी आणि १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता निकालात काढली आणि चहा घेतला. चहा कागदी कपातून होता, पण ते असो.

किरकोळ मुद्दे आधी उरकतो. धंदा म्हणाल तर आहेच. वकिलाची फी, स्टँप ड्युटी आणि गृहस्थांचं पेन्शन हेही कोणाच्या ना कोणाच्या खिशातूनच येतं. आणि कोणी वाचत नाही म्हणाल, तर आमच्या वाचनालयातल्या पेपरांच्या फायली काढून बघाव्यात. अग्रलेखाला आजवर कोणी ब्लेड लावलेलं नाही. चौकोनी भोकं पडलेली आहेत ती नोटिशींच्या पानांना.

आता मुख्य मुद्दा, आणि तो मी पुरता चघळणार आहे. "ज्याला गरज असेल तो बघेल." हे वाक्य ऐकायला इतकं शहाणपणाचं वाटतं की सभेतल्या चौघांनी मान डोलावली. पण नोटीस कोणासाठी असते? ज्याला गरज आहे हेच ठाऊक नाही, त्याच्यासाठी. ज्याला ठाऊक आहे तो वकिलाकडे बसलेला असतो. त्याला नोटिशीची काय मातब्बरी? आपली जमीन विकली जाते आहे, आपल्या नावावर कोणी वारस म्हणून उभा राहिला आहे, आपण ज्याला जामीन राहिलो त्याच्या घराचा बँकेने सांकेतिक ताबा घेतला आहे, यातलं काहीच ज्याच्या कानावर नाही, तो माणूस मंगळवारी दुपारी उठून संकेतस्थळ कशासाठी उघडेल? जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा. पंधरा दिवसांची मुदत असते म्हणजे त्याने हा उपद्व्याप दर पंधरवड्याला करायचा, जन्मभर. एकादशीचा उपास तरी बरा, त्याला साबुदाण्याची खिचडी असते.

आमच्या कोकणातला सातबारा ज्यांनी पाहिला नाही त्यांना हे समजणं अवघड आहे. सामायिक उताऱ्यावर तीस-तीस, चाळीस-चाळीस नावं. त्यातली अर्धी माणसं मुंबईत, काही बडोद्याला, काही वरती, आणि बरीचशी फक्त उताऱ्यावर जिवंत. अशा जमिनीचा व्यवहार ठरला की घेणाऱ्याचा वकील पेपरात नोटीस देतो: तमाम जनतेस कळविण्यात येते की, खालील नमूद वर्णनाची मिळकत आमचे अशील कायम खरेदी घेणार आहेत, तरी कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांचे आत लेखी पुराव्यानिशी कळवावी, मागाहून आलेली तक्रार चालणार नाही. आता या चाळीस नावांपैकी ती नोटीस स्वतः किती जण वाचतात? गृहस्थांचा हिशेब इथे बरोबर आहे. एकही नाही.

तरीही ती पोचते, आणि कशी पोचते हे गृहस्थांनी कधी पाहिलेलं नाही.

माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, लग्न होऊन कोल्हापूरकडे गेलेल्या. माहेरची कलमांची बाग भावांनी विकायला काढली. बहिणीला सांगायचं राहून गेलं. असं राहून जाणं आपल्याकडे फार चालतं. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीचा हक्क देशभर २००५ मध्ये मिळाला, पण त्याची आठवण भावांना अजून सवडीने होते. नोटीस इथल्या पेपरात आली. बाईंनी ती वाचली नाही, त्यांच्याकडे हा पेपर येतच नाही. ती वाचली एस्टी स्टँडासमोरच्या टपरीवर चहा पिणाऱ्या एका म्हाताऱ्याने. त्याचा बागेशी संबंध नाही, घराण्याशी नाही, कोर्टाशी तर नाहीच. त्याला दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची जुनी आवड. त्याने टपरीवाल्याला विचारलं, "ही त्या अमक्यांचीच बाग ना? त्यांना बहीण होती की." टपरीवाल्याच्या भाचीने बाईंच्या चुलत जावेला फोन केला, जावेने बाईंना. बाराव्या दिवशी हरकत दाखल झाली. पेपरवाल्याने गद्दारी केली असं भावांचं आजही म्हणणं आहे.

म्हणजे नोटीस ज्याच्यासाठी असते तो ती वाचत नाही. ती वाचतो भोचक शेजारी, आणि पोचवतोही तोच. कायद्याने हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण गावातल्या नोटिशीची सगळी यंत्रणा या भोचकपणावर उभी आहे. वरच्या अंगाला क्रिकेट, खालच्या अंगाला राशिभविष्य आणि मध्ये अडकलेली गटनंबराची नोटीस. न शोधता नजर पडते म्हणूनच ती कामाची. संकेतस्थळाला शेजारी नसतो. तिथे आपण आपल्यापुरतं शोधतो, आपल्यापुरतं पाहतो आणि बाहेर पडतो. दुसऱ्याच्या गावाचा फेरफार सहज चाळत बसलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. भेटला तर मी त्याला आजीव सभासद करून घेईन.

गृहस्थांनी 'आपली चावडी'चं उदाहरण दिलं. फेरफारांच्या नोटिसा ऑनलाइन दाखवणारी ही शासनाची सोय चांगलीच आहे. मुंबईच्या जागरूक चाकरमान्याला तिचा उपयोग होतो, हे मी मान्य करतो. पण नावात चावडी आली म्हणून चावडी होत नाही. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमात, कलम १५० मध्ये, फेरफाराची नोंद घेतली की तलाठ्याने तिची संपूर्ण प्रत चावडीवर ठळक जागी लावावी आणि हितसंबंधितांना लेखी कळवावं असं म्हटलं आहे. चावडीवर कशाला? कारण तिथे लोक दुसऱ्याच कामासाठी येत. कोणी सारा भरायला, कोणी दाखल्याला, कोणी नुसताच विडी ओढायला. भिंतीवरचा कागद वाचायला म्हणून कोणीच आलेलं नसे, आणि येताजाता सगळेच वाचत.

सगळं संकेतस्थळावर ठेवलं की काय होतं याचा एक मोठा नमुना देशाने पाहिला आहे. २०२० च्या टाळेबंदीत पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा जनतेच्या हरकतींसाठी खुला झाला. मसुदा होता इंग्रजी आणि हिंदीत. खाणीच्या कडेला राहणाऱ्याने तो मोबाइलवर उघडून आपलं म्हणणं कळवायचं होतं. शेवटी दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की बाबांनो, आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत याचं भाषांतर करा. त्याच मसुद्यात प्रकल्पांवरच्या जनसुनावणीसाठी लोकांना मिळणारी मुदत ३० दिवसांवरून २० वर आणायचा प्रस्ताव होता. उलट २००६ ची अधिसूचना बघा. वर्तमानपत्र पोचत नाही अशा जागी दवंडी पिटून सुनावणी कळवा, असं तिच्यात आहे. संगणक आल्यानंतरची अधिसूचना ही, पेशवाईतली नव्हे.

दवंडीवरून गृहस्थ हसले, म्हणून सांगतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ५४ मध्ये स्थावर मिळकतीची जप्ती मिळकतीच्या जागी ढोल वाजवून किंवा इतर रूढ पद्धतीने जाहीर करावी, असं आजही आहे. त्यात हसण्यासारखं मला काही दिसत नाही. लाज वाटण्यासारखं मात्र आहे, आणि ते वेगळं. दवंडीचा ढोल ज्यांच्या गळ्यात अडकवला होता त्यांना चावडीची पायरी चढू देत नव्हते. गावाचा निरोप त्यांनी द्यायचा आणि निरोपात त्यांना वाटा नाही. १९५८ च्या कायद्याने ती कनिष्ठ वतनं गेली, ते फार बरं झालं. गावाला ओरडून सांगण्याची रीत तेवढी त्यांच्याबरोबर घालवायचं कारण नव्हतं.

भाषेबद्दल बोलायचं तर हा माझा आणि एका वकील मित्राचा वीस वर्षांचा जुना वाद आहे. मी त्याला म्हणायचो, "अरे, गहाण, दान, बक्षीस, कुळ, वहिवाट, पोटगी, लीन, बोजा, एवढी पिशवी कशाला ओतता? 'कोणाचा हक्क असेल तर सांगा' एवढं पुरे." तो म्हणायचा, "यातल्या प्रत्येक शब्दामागे एकेक दावा हरलेला पक्षकार उभा आहे. कुठला काढू?" मी हरलो, असं म्हणायला हरकत नाही. पण एका गोष्टीवर तो गप्प बसायचा. नोटिशीत लिहितात गट नंबर अमुक, हिस्सा नंबर तीन ब, चतुःसीमा येणेप्रमाणे. गावात हिस्सा नंबर तीन ब कोणाला ठाऊक? तीच जमीन 'पऱ्याकडचा मळा' म्हटली की शाळेतलं पोरसुद्धा बोट दाखवील. ते नाव नोटिशीत घालायला कुठल्या कायद्याची बंदी आहे, हे त्याने मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. गृहस्थांची भाषेबद्दलची तक्रार म्हणूनच मी निम्मी मान्य करतो. पण न समजणारी नोटीस भिंतीवरून काढून संकेतस्थळावर नेली की ती समजू लागते, हा शोध त्यांनी कुठे लावला? नऊवारीचं गाठोडं माळ्यावर टाकलं म्हणून त्याची पाचवारी होत नाही.

आणि कायद्याची गंमत अशी की, नोटीस एकदा रीतसर दिली की ती तुम्हाला कळली असं धरून चालतात. मानीव हा शब्द आपल्या फ्लॅटवाल्यांना अभिहस्तांतरणामुळे पाठ झाला आहे. तसंच हे मानीव कळणं. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा तर म्हणतो की चौकशी करायचं जाणूनबुजून टाळलं किंवा घोर हयगय केली, तर तुम्हाला माहीत होतंच असं समजू. ठीक आहे. पण समोरच्याला कळलं असं मानायचं, तर ते कळावं म्हणून धडपड कोणी करायची? ज्याला व्यवहार करायचा आहे त्याने. संकेतस्थळावर टाकून हात झटकले की सगळा भार ज्याला काहीच ठाऊक नाही त्याच्या डोक्यावर जातो. वर पुन्हा "आम्ही टाकलं होतं की!"

एक कबुली दिली पाहिजे, नाहीतर मी सगळ्याच नोटिशींचा भक्त ठरेन. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करणाऱ्या जोडप्याची नोटीस ३० दिवस कार्यालयात लटकवतात, आणि तिथेही भोचक लोक येतातच. तिथे मात्र ते बागेतला वाटा वाचवायला येत नाहीत. पोरीच्या घरी फोन करायला येतात. घर विकण्याची नोटीस वेगळी आणि घर मांडण्याची वेगळी. दुसरी भिंतीवरून उतरवली तर मला दुःख नाही.

मग माझं म्हणणं काय, असं गृहस्थांनी विचारलंच. लंबंचौडं काही नाही. संकेतस्थळ ठेवा, पण जोडीला. बदली म्हणून नव्हे. ज्या गावची जमीन त्या गावात खरोखर येणाऱ्या पेपरातच नोटीस छापा. नुसत्या नोटिशीपुरते निघणारे आणि छापखान्यातून थेट फायलीत जाणारे पेपर आहेत, हे मला माहीत आहे. गृहस्थांचा तो एक टोला बसला, कबूल. जमिनीचं गावातलं नाव घाला. आणि नगरपंचायतीची घंटागाडी रोज सकाळी ओला कचरा सुका कचरा ओरडत दारोदार फिरतेच आहे. आठवड्यातून एकदा तिच्या भोंग्यावरून कोणत्या वाडीच्या कोणत्या जमिनीचा व्यवहार चालला आहे तेवढं सांगितलं तर डिझेल जास्त लागणार नाही. यावर सभेत हशा पिकला. मी गंभीरपणे बोललो होतो.

मतदान झालं. तीनपैकी दोन पेपर चालू राहिले, तिसऱ्याची वर्गणी यंदा मी भरली आहे. गृहस्थांनी आपला विरोध इतिवृत्तात नोंदवायला लावला आणि तो सभासदांना कळला पाहिजे असा आग्रह धरला. वाचनालयाचं संकेतस्थळ आहे, पण त्यांनी तिथे टाका असं म्हटलं नाही. इतिवृत्त जिन्याशेजारच्या फळ्यावर चार टाचण्यांनी लावलं आहे. परवा ते स्वतः चष्मा वर करून तिथे उभे राहून आपला परिच्छेद वाचत होते, आणि त्यांच्या खांद्यावरून आणखी दोघं.